थंड तव्याचं माप

झाकणाचं बिल झालं ४,०३७ रुपये. त्यातले ३७ पत्रेवाल्यांनी सोडले. "वैनी, वरचं ऱ्हाऊ दे, कधीतरी येऊन तुमच्या हातचा डोसा खातो," असं म्हणून ४,००० मोजून घेतले. मी घरी येऊन आमच्या ह्यांना कौतुकानं सांगितलं, माणूस दिलदार आहे. त्या झाकणानं माझं मनगट भाजलं, भट्टी काळी केली, मुरलेल्या तव्याला गंज आणला. ते सगळं एक वेळ विसरेन. ते ३७ रुपये विसरणार नाही.

तवा म्हणजे लोणी डोशाचा. ३ फूट बाय २ फूट, १२ मिमी जाडीची लोखंडी प्लेट, नुसती प्लेटच ५० किलोच्या वर भरते. रंकाळा तलावापासून थोड्या अंतरावर गाडा लागतो, वर प्लास्टिकचं छत आहे, पण कोल्हापूरचा वळीव छताला विचारून येत नाही. तो आडवा येतो. मागच्या वर्षी मे महिन्यात तवा ऐन तापलेला असताना पहिली सर आत घुसली आणि चर्रकन असा आवाज झाला की गिऱ्हाईकं चार पावलं मागं सरली. तेव्हापासून डाव्या हाताचा कोपरा किंचित उचललाय. तेल त्या कोपऱ्यात थांबतच नाही, मधे पळतं. बिडाचा तवा असता तर तडकलाच असता. त्यात रात्रीची धूळ, पाली, शेजारच्या अंडा-आम्लेटच्या गाड्यावरचं मांजर. ताडपत्री घालून बघितली, ती गरम तव्यावर घालता येत नाही आणि थंड होईतो थांबायला पाऊस तयार नसतो. तर झाकण हवंच होतं.

झाकण काय, कुठल्याही पत्र्याचं होतं असं सांगणारे खूप भेटले. एकानं तेलाच्या १५ किलोच्या डब्यांचा पत्रा सरळ करून जोडून द्यायची तयारी दाखवली. त्या पत्र्यावर कथलाचा मुलामा असतो आणि कथील २३२ अंशांना वितळतं. माझा तवा संध्याकाळी २०० ते २२० च्या घरात असतो. वर बाहेरून रंग. नको म्हटलं. दुसऱ्यानं जीआय पत्रा सुचवला, स्वस्तात होईल म्हणाला. छपराला, पाण्याच्या टाकीला जीआय उत्तम. पण त्यावरचं जस्त सतत २०० च्या वर तापलं की सुटायला लागतं, वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर छातीत गेला की माणसाला हुडहुडी भरून ताप येतो, आणि आंबट पिठाच्या वाफेशी जस्ताचं जमत नाही. ॲल्युमिनियमची उपडी परात मी वर्षभर वापरली, उत्तप्यावर झाकायला आजही वापरते. पण अख्ख्या तव्यावर ॲल्युमिनियम घालायचं तर ते वजनाला स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं, वाऱ्यानं थेट रंकाळ्यात जायचं. म्हणून स्टेनलेस स्टील ठरवलं. एवढा विचार मी केला होता, हे मुद्दाम सांगतेय. कारण नंतर त्यांनी चारचौघांत सांगितलं, "वैनींना त्यातलं काय कळतंय."

उद्यमनगरात पत्र्याचं काम करणारी दुकानं एकाला लागून एक आहेत. ऑइल इंजिन आणि ओतकामावर नाव कमावलेली वस्ती ती. तिथं माझं झाकण म्हणजे पोरखेळ, असं मला वाटलं. तीन दुकानं फिरले. दोघांनी कामाला हातच लावला नाही, "एक नग करत नाही" म्हणाले. तिसऱ्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मी फसले. चहा पाजणाऱ्याचं माप दोनदा तपासावं.

माप घ्यायला ते सोमवारी आले. सोमवारी गाडा बंद असतो. मी फोनवर म्हटलं होतं, संध्याकाळी सात वाजता या, तवा चालू असताना बघा, मी कुठं उभी असते, हात कुठून जातो, तेलाची पन्हळ कुठं आहे. ते म्हणाले, "गर्दीत कशाला वैनी, सोमवारी निवांत येतो." आले, टेप लावली, पाच मिनिटांत चार आकडे विडीच्या पाकिटावर लिहिले. मी म्हटलं, मागच्या बाजूला भट्टीच्या फटी आहेत, त्या झाकायच्या नाहीत. त्यावर त्यांनी जे वाक्य टाकलं ते आमच्या घरी मला चिडवायला अजून म्हणतात: "वैनी, तुम्ही डोसं करा, पत्र्याचं आमच्यावर सोडा."

आठ दिवसांचं काम तीन आठवड्यांनी झालं. पण झाकण आलं तेव्हा दिसायला काय होतं! आरशासारखं बफिंग. वर बरोबर मध्यभागी चकचकीत सळीची मूठ. चारी बाजूंना ४ इंच खाली उतरणारी पट्टी. थंड तव्यावर घातलं तर डब्याच्या टोपणासारखं सुर्रकन बसलं, कुठं केसाची फट नाही. "एकदम फिट्ट," ते म्हणाले. खिशातून लोहचुंबक काढून मधोमध टेकवलं, सोडलं, ते खाली पडलं. "बघा चिकटतंय काय? ३०४ माल हाय. तुमच्या नातवंडांस्नी पुरंल." मी खूश. शेजारच्या गाडेवाल्यांना बोलावून दाखवलं.

त्या फिट्टपणानंच पहिल्या संध्याकाळी घात केला. नवीन कौतुक, म्हणून झाकण तव्यावर ठेवूनच मी भट्टी पेटवली, म्हटलं तवा लवकर तापेल. वीस मिनिटांनी उचलायला गेले तर झाकण हलेना. मूठ धरून ओढली आणि हात झटकला, सळी थेट पत्र्याला वेल्ड केलेली, तव्याइतकी नाही पण हाताला पुरेशी तापलेली. फडकं गुंडाळून ओढलं तर झाकणाबरोबर तवाच उचलल्यासारखा झाला. शेवटी आमच्या ह्यांनी उलथण्याचा दांडा घालून एक कोपरा मोकळा केला. आत अडकलेली वाफ एकदम बाहेर आली ती माझ्या उजव्या मनगटावर. डाग अजून आहे. (भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं हात धरा. टूथपेस्ट नाही, हळद नाही, बर्फ नाही. हे मला नंतर दवाखान्यात कळलं. त्या दिवशी समोरच्या पानवाल्यानं टूथपेस्ट आणून दिली आणि मी लावलीसुद्धा.)

पोरगा मेकॅनिकलच्या डिप्लोमाला आहे. त्यानं रात्री वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवला. लोखंडाची ३ फुटी प्लेट २०० अंशांनी तापली की लांबीत २ मिमी वाढते. झाकणाला मोकळीक होती सगळी मिळून १ मिमी. झाकणही तापून वाढतं, स्टेनलेस तर लोखंडापेक्षा जास्त वाढतं, पण ते तव्याच्या निम्म्यानंसुद्धा तापलेलं नसतं. म्हणजे तवा फुगणार आणि झाकणात आवळून बसणार. आणि उलट बाजूनं बघा: तवा तापलेला असताना, वळीव आला म्हणून गार झाकण वरनं घालायला गेलं तर ते बसणारच नाही. ज्या एका कामासाठी झाकण करून घेतलं, तेच काम ते करू शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन केला. "तवा वाकडा असंल तुमचा," ते म्हणाले. वाकडा आहेच, एका कोपऱ्यात, आणि ते मीच त्यांना सांगितलं होतं. मग म्हणाले, "कोमट झाल्यावर घालत जावा." अहो, पाऊस कोमट होईपर्यंत थांबतो का? चार फोननंतर त्यांचा पोरगा हातोडी घेऊन आला आणि माझ्यासमोर, त्या आरशासारख्या पत्र्याच्या चारी पट्ट्या बाहेरच्या बाजूला ठोकून गेला. झाकण ठोकलेल्या पातेल्यासारखं दिसायला लागलं. पण आता गरम तव्यावर बसायचं. म्हटलं, जाऊ दे, दिसण्याला काय करायचंय.

खरी भीती त्यानंतरची. जूनच्या पहिल्या आठवड्यात भुरभुर चालू होती, गिऱ्हाईक नव्हतं. गॅस बारीक ठेवून मी तवा झाकला, म्हणजे परत तापवायला वेळ नको. पाचएक मिनिटांत समोरून गॅसचा उग्र वास यायला लागला. वाकून बघितलं तर निळी असायची ती ज्योत पिवळी, लांब, आणि भट्टीच्या तोंडातून बाहेर जीभ काढत होती. पुढचं एक बटण मऊ पडलेलं. ४ इंची पट्टी तव्याच्या खाली उतरून मागच्या फटींवर बसली होती. त्याच फटी. ज्या मी सोमवारी बोटानं दाखवल्या होत्या. गॅस जळायला त्याच्या चोवीस ते तीस पट हवा लागते. धूर बाहेर पडायची वाट बंद केली की नवी हवा आत कुठून येणार? मग ज्योत काजळी ओकते आणि कार्बन मोनॉक्साइडही. आम्ही उघड्यावर होतो म्हणून थोडं डोकं जड होण्यावर निभावलं. पावसाळ्यात कितीतरी गाडे चारी बाजूंनी ताडपत्री सोडून आत काम करतात. त्यांनी हा परिच्छेद परत वाचावा. गॅस चालू असताना अख्खा तवा झाकायचा नाही, कितीही बारीक ज्योत असली तरी. चीज वितळवायचं असेल, उत्तपा वाफवायचा असेल, तर छोटी परात किंवा खोलगट ताटली उपडी घाला, तेवढ्यापुरती. मोठं झाकण रांधायला नसतं, राखायला असतं.

तरीही मी त्यांच्यावर चिडले नव्हते, म्हणजे मनापासून नाही. अडाणीपणानं झालं असेल असं वाटत होतं. मन फिरलं ते भाजीवाल्या मावशींच्या काट्यावर.

पोरगा सुट्टीला घरी होता. रात्री गाडा आवरताना त्यानं एका हातानं झाकण उचललं, थांबला, परत खाली ठेवलं, परत उचललं. मला म्हणाला, "आई, बिलात वजन किती लावलंय?" साडेनऊ किलो, किलोला ४२५ रुपये, मजुरीसकट. तो काही बोलला नाही. झाकण डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडला आणि मावशींच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. मावशी कोथिंबिरीच्या पेंड्या बाजूला करत होत्या. काट्यावर लाल आकडे थरथरले आणि थांबले. ६ किलो ४०० ग्रॅम. मावशी म्हणाल्या, "काटा बरोबर हाय हां माझा." जणू मी त्यांच्यावरच आळ घेतला होता. पोरानं झाकण उचललं, परत ठेवलं. ६ किलो ४०० ग्रॅम. मी तिथं रस्त्यात उभी राहून ३ किलो १०० ग्रॅमला ४२५ नं गुणत होते. १,३१७ रुपये ५० पैसे. आणि मला ३७ सोडले होते.

हिशेब सोपा आहे, कुणालाही जमेल. पत्र्याची लांबी मीटरमध्ये, गुणिले रुंदी मीटरमध्ये, गुणिले जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले ८. आलं ते किलोत वजन. स्टेनलेसची घनता ७.९ च्या आसपास असते, ८ धरलं तर तोंडी करता येतं. माझ्या झाकणाचा पत्रा पट्ट्यांसकट साधारण ०.९२ चौरस मीटर. १८ गेज म्हणजे १.२ मिमी असता तर पावणेनऊ किलो, वर मूठ. तोच पत्रा ०.८ मिमीचा धरला तर पावणेसहा, वर मूठ. म्हणजे १८ गेजचं बिल आणि २२ गेजचा पत्रा. म्हणून तर मधे बोट दाबलं की झाकण डबडबायचं. मला वाटायचं स्टील असंच वाजतं. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे उलटं गणित गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसत नाही आणि सगळा खेळ त्यावरच चालतो. गेज म्हणूच नका. मिलिमीटर बोला, आणि काम घेताना व्हर्नियर मागा. व्हर्नियर नाही म्हणाले तर उठा.

तोवर कोपऱ्यांत तांबूस ठिपके आले होते. वेल्डिंगच्या रेषेला लागून, आणि मुठीच्या बुंध्याला. नातवंडांना पुरणारा माल पाच आठवड्यांत गंजायला लागला. मी झाकण घेऊन महाद्वार रोडजवळच्या एका भांड्याच्या दुकानात गेले, मोड म्हणून काय येईल ते विचारायला. मोडीत घेणारा माणूस खरं बोलतो, कारण त्याला त्याचे पैसे द्यायचे असतात. त्यानं लोहचुंबक लावलंच नाही. एका बाटलीतून पत्र्यावर थेंब टाकला, चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीची दोन टोकं लावली, आणि थेंब बघता बघता लाल झाला. "२०२," तो म्हणाला, आणि मला पुढच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला व्हायला सांगितलं.

लोहचुंबकाचा धडा मला तिथं मिळाला. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल निम्म्यावर आणतात आणि त्याच्या जागी मँगनीज घालतात. लोहचुंबक दोघांनाही चिकटत नाही! ते चिकटतं ४३० सारख्या बिननिकेलच्या स्टीलला. म्हणजे त्यांनी मला जी परीक्षा करून दाखवली ती ज्या प्रश्नाची होती तो प्रश्न मी विचारलाच नव्हता. उलट अस्सल ३०४ सुद्धा जिथं वाकवलंय, ठोकलंय तिथं लोहचुंबकाला किंचित ओढतं, त्यावरून कुणावर आळ घेऊ नका. तो लाल थेंब मँगनीजचा असतो. बाटली हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि तुमच्यासमोर थेंब टाका म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा काय होतो हीच अर्धी परीक्षा.

२०२ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. झाकण अन्नाला लागत नाही, रोज पुसलं तर २०२ चं झाकण वर्षानुवर्षं चालेल. २०२ चा भाव लावून २०२ द्या, मी आनंदानं घेईन.

उद्यमनगरातल्या त्यांच्या दुकानात गेले तर तेच. खुर्ची, चहा. चहा मी घेतला नाही. वजनाचं काढलं तर म्हणाले, "बेंडिंगमधे, कटिंगमधे माल जातोय की वैनी." गेला असेल, कात्रण कुणी फुकट देत नाही, ते मला मान्य आहे. पण मग बिलात 'तयार वजन' का लिहिलंय? गेजचं काढलं तर "गेज म्हंजे थोडं म्हागंपुढं असतंयच." थेंबाचं काढलं तेव्हा मात्र त्यांनी आवाज चढवला, दुकानातली दोन पोरं काम थांबवून बघायला लागली. "तुम्ही काय सांगितल्यालं? स्टीलचं पायजे. स्टीलच दिलंय न्हवं?" मी बिल काढून पुढं केलं. त्यावर लिहिलं होतं: 'एस. एस. झाकण, १ नग.' ३०४ हा आकडा कुठंच नव्हता. तो फक्त बोलण्यात होता. ते बिलाकडं बघून हसले, आणि मला तिथंच कळलं की हे हसू मी पहिल्या दिवशीही बघितलं होतं, फक्त तेव्हा ते चहाबरोबर आलं होतं.

बिलावर ग्रेड, मिलिमीटर आणि तयार वजन, तिन्ही लिहून घ्या. आगाऊ रक्कम अर्ध्यापेक्षा जास्त देऊ नका. ओळखीतून जा, चार ठिकाणी विचारा, घाई करू नका, हे सगळे सांगतात तेही करा. मी केलं होतं.

झाकण वाचवलं ते आमच्या गल्लीच्या मागं राहणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी. भट्ट्यांचे बर्नर दुरुस्त करतात, पत्र्याचं काम त्यांचं नव्हेच. मी गाऱ्हाणं सांगत होते, ते म्हणाले, "आज सात वाजता येतो. तवा तापलेला ठेवा." आले. आधी एक डोसा खाल्ला. मग अर्धा तास नुसते बाजूला उभे. मी पीठ कुठून घेते, लोणी कुठं ठेवते, कोपर कुठवर जातं ते बघत. मग खिशातून काढलेल्या बांबूच्या काडीवर तापलेल्या तव्याचं माप खुणेनं घेतलं. टेप काढलीच नाही. जाताना म्हणाले, "मामी, हे एवढं मोठं झाकण एका बाईनं एका हातानं उचलायचंच कशाला?"

त्यांनी झाकण मधोमध कापून दोन केलं. हे मला सुचलं नव्हतं, त्या उद्यमनगरवाल्यांना तर नाहीच. आता एक अर्धा ३ किलोच्या आसपास आहे, पाऊस डावीकडून आला तर डावा भाग झाकते आणि उजवीकडं डोसे चालू, कारण मागच्या फटी आता मोकळ्या आहेत आणि अर्धा तवा उघडाच असतो. मधल्या सांध्यावर एका भागाला दोन बोटं रुंदीची पट्टी रिव्हेट मारून बसवली, ती दुसऱ्या भागावर चढते, पाणी आत जात नाही आणि दोघांना फुगायला जागाही राहते.

ठोकून वाकडी केलेली ४ इंची पट्टी त्यांनी तिरकी कापली. मधे पूर्ण उंची, कडेला दीड इंच. त्यामुळं दोन्ही भाग घराच्या कौलारू छपरासारखे उतरते झाले. सपाट झाकणाखाली वाफ जमायची, तिचे थेंब मधोमध ठिबकायचे आणि सकाळी तव्यावर पैशाएवढे तांबडे गोल. आता थेंब पत्र्याच्या पोटाला धरून कडेला ओघळतो. आणि पट्टी तव्याला कवटाळत नाही. आतून छोट्या एल पट्ट्या रिव्हेट केल्यात, झाकण त्यांच्यावर उभं राहतं आणि कडा तव्याच्या वर ५ मिमीवर थांबते. हवा खेळते. पण फार फट ठेवू नका, उंदराचं पिल्लू ६ मिमीमधून आत येतं. झुरळाला तर त्याहून कमी पुरतं, म्हणून कडेला बारीक स्टीलची जाळी लावली.

मूठ मधून काढून पुढच्या कडेला आणली, म्हणजे उचलताना वाफ पलीकडं जाते, मनगटावर येत नाही. तुटलेल्या कुदळीच्या दांड्याचा तुकडा, दोन बोल्ट, पत्र्यापासून दोन इंच अंतर. बाजारातल्या कुठल्याही मुठीपेक्षा हातात चांगली बसते. बिजागरी मी मागितली होती, त्यांनी नाही म्हटलं. वळवात उघडं उभं झाकण म्हणजे नावेचं शीड, गाडासुद्धा ढकलेल.

गंजाचं कारणही त्यांनीच दाखवलं. नुसतं २०२ आहे म्हणून नव्हे. वेल्डिंगनं काळी-निळी पडलेली रेघ पिकलिंग पेस्टनं साफ केली नव्हती, आणि जी चकती दिवसभर लोखंडी गेटवर चालली तीच माझ्या स्टीलवर फिरवली होती. लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि गंज तिथून धरतो. स्टीलसाठी चकती वेगळी, कोरी, तुमच्यासमोर लावायला सांगा. सगळ्याचे त्यांनी ९०० रुपये घेतले. बिल दिलं नाही, मी मागितलंही नाही. वर एवढं शहाणपण सांगून मी हे केलं, हे मला दिसतंय.

रात्रीचं म्हणाल तर तवा पुसून, हात लावता येईल इतका निवाला की तेलाचा पातळ हात फिरवायचा आणि मगच झाकायचं. गरम तव्यावर झाकण घालून घरी गेलात तर झाकण कितीही चांगलं असो, सकाळी गंज आहेच.

दिवाळीनंतर इचलकरंजीची एक बाई गाड्यावर आली. तिचाही डोशाचा गाडा आहे. डोसा खाता खाता ती सारखी माझ्या झाकणाकडं बघत होती. मग तिनं मोबाइल काढला. उद्यमनगरात एकांनी नमुना म्हणून पाठवलेला फोटो, म्हणाली, असंच करून देतो म्हणालेत, ५,५०० ला. फोटो माझ्याच तव्याचा होता. कौलारू झाकण, कुदळीची मूठ, कडेला माझं निळं फडकंसुद्धा. कुणी, कधी काढला कोण जाणे. तिनं आगाऊ ३,००० दिले होते.

"माप घेऊन गेलेत का?" मी विचारलं.

"सोमवारी येतो म्हणालेत," ती म्हणाली. "सोमवारी आमचा गाडा बंद असतोय."

मी तिला दुसरा डोसा वाढला आणि मिस्त्रीमामांचा नंबर लिहून दिला.